ठोमामाचा उजवा कान

शर्यत सोडायच्या बाराला 'खोटा बार' म्हटलेलं ठोमामाला खपायचं नाही. खोटा असता तर एवढी माणसं त्याच्या आवाजावर ऊर फुटेस्तोवर पळाली असती का, असं तो विचारायचा आणि समोरच्याच्या तोंडाकडं टक लावून बघत राहायचा. लोकांना वाटायचं, गडी उत्तराची वाट बघतोय. तो ओठ बघत असायचा. पण हे कळायला आम्हा मैदानावरच्या लोकांना सहा वर्षं लागली, आणि कळलं तेव्हा व्हायचं ते होऊन गेलं होतं.

माणूस मैदानावरचा कामगार. चारशे मीटरची मातीची धावपट्टी, एका अंगाला सिमेंटच्या पायऱ्या, आणि त्या पायऱ्यांच्या पोटात दोन खोल्या. तिथंच त्याचं बिऱ्हाड. वर पायऱ्या असल्यामुळं घराचं छत तिरकं. पुढच्या खोलीत माणूस ताठ चालायचा, मागं जाईल तसा वाकायचा, आणि न्हाणीपर्यंत पोचला की जवळजवळ रांगायचा. मामी, म्हणजे त्याची बायको, म्हणायची, माझ्या घरात कुणी मान वर करून आंघोळीला जात नाही.

पहाटे उठून पट्टीवर पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, ऊन चढायच्या आत फक्की ओढायची. फक्की म्हणजे चुन्याच्या पांढऱ्या रेघा. ठोमामा दोरी न लावता रेघ ओढायचा आणि नंतर कुणी दोरी लावून बघितली तर दोरीच वाकडी वाटायची. शर्यत सोडायचं पिस्तूल मात्र आधी दुसऱ्या एका गृहस्थांकडं होतं. ते बार काढताना डोळे मिटून घ्यायचे. आता डोळे मिटलेल्या माणसाला, कोण आधी सुटलं ते दिसणार कसं? मैदानाचे मुख्य पंच वैतागले. एक दिवस त्यांनी सगळ्या कामगारांना रांगेत उभं करून एकेक बार काढायला लावला आणि स्वतः पुढं उभे राहून पापण्या बघितल्या. माळ्याची पडली, रखवालदाराची पडली, नळवाल्यानं तर पिस्तूलच टाकून दिलं. एकट्या ह्याची पापणी हलली नाही. झालं. त्या दिवसापासून पिस्तूल त्याच्या गळ्यात पडलं, आणि शाळेच्या पोरांनी त्याचा ठोमामा करून टाकला. खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं.

हातात पिस्तूल आल्यापासून माणूस बदलला, असं मामी सांगायची. चालताना खांदे मागं गेले. शर्यतीच्या दिवशी पांढरा सदरा, आणि उजव्या हातावर खांद्यापर्यंत चढवलेली काळी बाही. ती शोभेची नव्हती. पल्याडच्या टोकाला घड्याळ धरून बसलेले लोक आवाजावर घड्याळ दाबत नाहीत. आवाज शंभर मीटर चालत येईपर्यंत तिकडं पोरं सुटलेली असतात. ते धूर बघतात. आणि पांढरा धूर काळ्या बाहीवर उठून दिसतो. ती बाही मामीनं शिवली होती, जुन्या छत्रीच्या कापडाची.

पिस्तूल सहा घरांचं. नळी पुढून पोलादानं बुजवलेली, कुणी चुकून खरी गोळी घातली तरी ती बाहेर पडू नये म्हणून. आतल्या जाळाला वाट हवी, म्हणून नळीच्या पाठीवर बोटभर लांबीची फट. काडतूस करंगळीच्या पेराएवढं, पितळेचं. बुडाला टोपी, पोटात दारू. पुढं शिशाची गोळी असायची ती नाही, त्या जागी पितळेचंच तोंड चुण्या घालून मिटलेलं, पुडीचं तोंड पिळावं तसं. घोडा टोपीवर पडला की ठिणगी उडते, दारूचा एका क्षणात वायू होतो, आणि तो वायू ते मिटलेलं तोंड फाडून मिळेल त्या वाटेनं सुटतो. गोळीच्या काडतुसातल्यापेक्षा ही दारू जास्त तापट. तिच्यापुढं अडवायला गोळी नसते, सगळा दणका तिला एकटीलाच काढायचा असतो.

हे सगळं ठोमामा कुणालाही सांगायचा, आणि शेवटी म्हणायचा, गोळी नाही म्हणजे काहीच नाही असं ज्याला वाटतं त्यानं माझ्या मेहुण्याचा अंगठा बघावा.

मेहुणा म्हणजे मामीचा धाकटा भाऊ. एका कारखान्यात कारकून, पण शर्यती असल्या की रजा टाकून घड्याळ धरायला यायचा. अंगात नुसती खोड. ठोमामाच्या दुसऱ्याच हंगामात, सगळे जेवायला बसले असताना, त्यानं टेबलावरचं पिस्तूल उचललं. दाजी, तुमच्या फटाक्याला आज बूच लावतो, म्हणाला, एका हाताचा अंगठा फटीवर दाबला आणि दुसऱ्या हातानं घोडा ओढला. त्याला वाटलं फुस्स होईल. अंगठ्याचं कातडं सालीसारखं मागं गेलं. जखम महिन्याभरात भरली, पण न जळालेल्या दारूचे काळे दाणे मांसात रुतले ते रुतलेच. पुढं तो स्वतःच म्हणायचा, मला कुठं अंगठा उठवायला लावला तर शाई लागणार नाही, घरची आहे. हसायचा. मामी मात्र त्या हाताकडं बघायची नाही.

त्या दिवशी पिस्तूल टेबलावर भरलेलं ठेवलं होतं ठोमामानं. ते त्यानं मनाला लावून घेतलं. पुढच्या हंगामापासून पपई आली.

दर वर्षी पहिल्या शर्यतीच्या आधी तो सगळ्यांना जमवायचा. शाळांचे शिक्षक, घड्याळवाले, पाणी वाटणारे, सगळे. एक पिकलेली पपई उभी कापायची, अर्धी लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवायची, पिस्तुलाची फट तिच्या गराला टेकवायची आणि बार काढायचा. बिया लोकांच्या सदऱ्यांवर. पपईत तीन बोटं जातील एवढा खड्डा, कडा करपलेल्या. मग तो म्हणायचा, ह्यात गोळी कुठं गेली ती शोधा. नवे शिक्षक खरोखर बोटं घालून शोधायचे. सापडली नाही की तो पिस्तूल उघडून रिकामं करायचा, सगळ्यांना सहाही घरं दाखवायचा आणि बोलायला लागायचा. की बाबांनो, हात-तोंड ह्याच्यापासून वीतभर नाही, पुरतं हातभर लांब. घोडा पडला आणि बार झाला नाही तर डोकावायचं नाही, तसंच आभाळाकडं धरून तीसपर्यंत मोजायचं; कधी कधी दारू उशिरा जागी होते. आणि एखाद्या पिस्तुलाची नळी ह्याच्यासारखी बुजवलेली नसेल तर तिच्यात खडा, काडी, बोळा, काहीही राहिलं तर तीच गोळी होते. उरलेली अर्धी पपई मामी फोडी करून सगळ्यांना वाटायची. तिला दारूचा वास येतो म्हणून लोक नाक मुरडायचे. मग मामी म्हणायची, वर्षभर मी ह्या वासाबरोबरच राहते, तुम्ही एक फोड खा.

पपईनं लोकांना सगळं शिकवलं, एक सोडून. आवाजाचा खड्डा पपईला पडत नाही.

ठोमामा कानात कापूस घालायचा नाही. कुणी सुचवलं तर खुळ्यात काढायचा. सुटायच्या आधीचा जो एक क्षण असतो, पोरं वाकलेली, श्वास धरलेला, त्यात कुणाचा पाय मातीत घसरला तर त्याला ऐकू यायला हवं. आणि कुणी बाराच्या आधी सुटलं, तर बाजूला उभे असलेले पंच शिट्टी मारणार. शिट्टी ऐकली की ह्यानं लगेच दुसरा बार काढायचा, म्हणजे सगळ्यांनी परत फिरायचं. तेव्हा कान उघडे पाहिजेत. ऐकू यावं म्हणून त्यानं कान उघडे ठेवले, आणि उघडे ठेवले म्हणून ते गेले. हंगामात दिवसाला साठ-सत्तर बार निघायचे.

तरी हात सरळ वर जात होता तोवर निदान अंतर होतं. पंचेचाळिशीच्या आसपास रोलर खड्ड्यातून ओढताना त्याचा उजवा खांदा निखळला. बसवला, पण नीट बसला नाही. हात वर गेला की कोपर वाकायचं, आणि हातभर उंच असायचं ते पिस्तूल कानशिलाच्या वर वीतभरावर यायचं. वीतभर नाही, हातभर, असं जगाला सांगणारा माणूस. पण तो ते हाताबद्दल आणि तोंडाबद्दल सांगायचा. कान त्याच्या यादीत नव्हता. आमच्यापैकी कुणाच्याच नव्हता.

आधी शर्यतीनंतर कानात रातकिडा बोलायला लागला. सकाळी थांबायचा. मग थांबेना. मग मैदानाच्या कडेच्या झाडांवरची पाखरं गेली, म्हणजे होती तिथंच, ह्याच्यापुरती गेली. बारीक आवाज आधी जातात म्हणे. त्यात शिट्टी आली. ज्या एका आवाजासाठी त्यानं कान राखले होते, तोच सगळ्यात आधी गेला. त्यानंतर बायकांचे आवाज, मुलांचे आवाज. उजवा कान पार बसला आणि डावा त्याच्या मागून निघाला.

माणूस बहिरा व्हायला लागला की तो खोटं बोलायला शिकतो. ठोमामा एकच शब्द शिकला. बरं. कुणी काही बोललं, ओठ हलले, वाक्य संपल्यासारखं वाटलं, की हा म्हणायचा, बरं. शब्द असा गुळगुळीत की कुठंही बसतो. दहातल्या नऊ वेळा बसायचाच. एकुलती एक मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली होती, तिथल्या शाळेत शिकवायची. तिचा फोन आला की हा आधी घ्यायचा, दोन वेळा बरं म्हणायचा आणि मामीकडं द्यायचा. तिनं नोकरी कायम झाल्याचं सांगितलं, हा म्हणाला, बरं. दोन वर्षांनी पोटातलं मूल राहिलं नाही ते तिनं रडत रडत सांगितलं, हा म्हणाला, बरं. त्यानंतर तिनं फोन आला की आधीच विचारायला सुरुवात केली, आई आहे का.

मामीला कळलं ते शेगडीवरच्या कुकरमुळं. कुकर एकामागून एक शिट्ट्या मारत होता आणि हा त्याच्या शेजारी बसून शांतपणे पेपर वाचत होता. मामी त्याच्या मागं जाऊन उभी राहिली आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "अहो, तुम्ही गाढव आहात." मागं कुणी उभं असल्याचं जाणवलं असावं, काय असावं, ह्यानं मान न वळवता म्हटलं, "बरं." मामी पोट धरून हसली. हसता हसता खाली बसली, आणि मग हसायची थांबली तरी तोंडावरचा पदर काही काढीना.

पंचांना सांगून टाका, असं तिचं म्हणणं. ह्यानं त्या दिवशी पहिल्यांदा तिच्यापुढं कबूल केलं आणि लगेच हातही जोडले. बार गेला तर मी नुसता चुना ओढणारा उरेन, म्हणाला. लोक मला ठोमामा का म्हणतील मग? मामीनं दोन दिवस अबोला धरला, ज्याचा त्या माणसाला पत्ता लागला नाही. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःच तोड काढली.

धावणाऱ्या पोरांच्या छातीवर लावायचे नंबराचे कापडी तुकडे ती शिवायचीच. आता ती शिवणाची टोपली घेऊन मैदानात, सुटायच्या रेघेच्या समोरच्या बाकावर बसायला लागली. मांडीवर लाल कापडाचा तुकडा. पंचांची शिट्टी झाली की मामी ते कापड झटकल्यासारखं वर करायची, आणि ठोमामा दुसरा बार काढायचा. निमिषाचाही फरक पडायचा नाही. उलट पंच म्हणायला लागले, म्हातारपणी ह्याचा कान भलताच तिखट झाला. सहा हंगाम हे चाललं. एका बाईचं शिवणकाम कोण बघतं?

मध्ये एकदा नियम निघाला की शर्यत सोडणाऱ्यांचे डोळे-कान तपासायचे. दवाखान्यात ह्याला काचेच्या पेटीत बसवलं, कानाला यंत्र लावलं, आवाज आला की बोट वर कर म्हणून सांगितलं. यंत्रवाली पोरगी पेटीकडं तोंड करून बटणं दाबत होती. मामी तिच्या पाठीमागं, काचेतून दिसेल अशी उभी. बटण दाबलं की मामी नाक खाजवायची आणि हा बोट वर करायचा. दहा मिनिटांत मामीचं नाक लाल झालं. कागदावर आलं, उजवा कान थोडा कमी, चालण्यासारखा. चोरून चिंचा पाडलेल्या पोरांसारखे दोघं हसत घरी आले आणि मेहुण्याला त्यांनी ते सांगितलंही. त्याला वाटलं, दाजी थोडे कमी ऐकतात, एवढंच. आता ते हसणं आठवलं की तो उठून दुसरीकडं जातो.

ठोमामाच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. शाळांच्या शर्यतींचा शेवटचा दिवस. सकाळी त्यानं फक्की ओढली, घरी येऊन सदरा बदलला, काळी बाही चढवली, काडतुसं मोजून डबीत भरली. मामी न्हाणीत होती. दारात उभं राहून त्यानं आवाज दिला, मी पुढं होतो गं. उत्तर यायला जेवढा वेळ लागतो तेवढा थांबला. त्याला सवय होती. मग म्हणाला, बरं, ये मागून. कुत्री शिरू नयेत म्हणून दार ओढून घेतलं आणि गेला.

बाक रिकामा होता. आदल्या संध्याकाळची टोपली तिथंच होती, तिच्यात लाल कापड. ठोमामाला राग आला. आजच उशीर करायचा होता का हिला. पंच घाई करत होते, ऊन चढत होतं. पहिली शर्यत स्वच्छ सुटली. दुसरीही. तो दर बाराआधी बाकाकडं बघत होता. तिसरी मुलींची. चौथ्या पट्टीतली बाराच्या आधी सुटली. पंचांनी शिट्टी मारली. दुसरा बार झाला नाही.

काही मुली शिट्टी ऐकून थांबल्या, काही पळत राहिल्या. थांबलेली एक मागं वळून बघता बघता शेजारच्या पट्टीत आली आणि पळणारी तिच्यावर आदळली. दोघींचे गुडघे सोलले, एकीचा दात हलला. पंच शिट्टी फुंकत फुंकत पट्टीवरून धावत आले, तोंड लालबुंद, आणि ठोमामाच्या पुढ्यात उभे राहिले. ठोमामा त्यांच्या खांद्यावरून बाकाकडं बघत होता. त्यांनी त्याचा दंड धरून हलवलं. तेव्हा त्यानं त्यांचे ओठ बघितले.

"बहिरा झालास का रे?"

"हो," ठोमामा म्हणाला.

पंचांचं तोंड तसंच उघडं राहिलं. ठोमामानं मात्र पिस्तूल आभाळाकडं धरून उघडलं, उरलेली काडतुसं काढून मोजली, रिकामं पिस्तूल आणि काडतुसं वेगवेगळी करून धावत आलेल्या मेहुण्याच्या दोन हातांत दिली. मग तो घराकडं चालायला लागला. चार पावलं चालला आणि पळाला. त्या माणसाला आम्ही आयुष्यात पहिल्यांदा पळताना बघितलं.

मामी न्हाणीत पडली होती. तिरक्या छताखाली जिथं माणसाला नीट उभंही राहता येत नाही तिथं पाय घसरला होता, आणि मांडीचं हाड खुब्यात मोडलं होतं. तो घरातच होता तेव्हा पडली होती. सव्वा तास. स्टीलच्या तांब्यानं ती बादली बडवत राहिली होती. तांब्याची कड चेपून आत गेली होती. वरच्या पायऱ्यांवर तीनशे पोरं ओरडत होती. तांब्या कोण ऐकणार? अंगावर ओलं लुगडं होतं. त्यानं आधी ते बदललं, मगच लोकांना आत येऊ दिलं.

दवाखान्यात अठरा दिवस. खुब्याचं काय ते डॉक्टरांनी केलं, पण पडून पडून छातीत पाणी धरलं. चौथ्या दिवशी ती बरी होती, बोलत होती. बोलताना तोंड त्याच्याकडं वळवायची, ओठ दिसावेत म्हणून. सहा वर्षांची सवय.

"मी हाक मारली होती," ती म्हणाली. "तुम्ही 'बरं' म्हणालात. मला वाटलं, येताय."

 ह्याच्याकडं म्हणायला जो एक शब्द होता तो आता म्हणता येण्यासारखा नव्हता. मग तिनंच विचारलं, आधी कोण सुटलं होतं? चौथ्या पट्टीतली, हा म्हणाला. मामीनं डोळे मिटून मान हलवली. ती पोरगी नेहमीच सुटते, म्हणाली, कापड मी आधीच हातात धरून बसले असते.

अठराव्या दिवशी दुपारी ती गेली. शेवटी शेवटी ओठही हलत नव्हते, तेव्हा त्याला काय कळलं आणि काय नाही, कुणी विचारलं नाही.

मुलगी आली होती. तिला वडिलांशी बोलायचं नव्हतं. आई पडली आणि हा माणूस दार ओढून शर्यतीला गेला, एवढंच तिला ठाऊक. मामानं, म्हणजे मेहुण्यानं, तिला पायऱ्यांवर नेऊन बसवलं आणि पहिल्यापासून सांगितलं. त्यालाही बरंचसं नुकतंच कळलेलं. मामीनं दवाखान्यात त्याला सांगितलं होतं. कुकर, बाक, लाल कापड. मुलगी ऐकत होती. मध्येच म्हणाली, आणि फोनवर? मेहुणा म्हणाला, फोनवर काय बाई, त्यांना नुसती घरघर यायची. ती उठली. मग खाली घरात गेली आणि वडिलांच्या समोर, अगदी समोर, जमिनीवर बसली.

"तुम्ही मला एकदा तरी सांगायचं होतंत," ती म्हणाली. "मी सहा वर्षं तुमच्यावर राग धरला."

त्यानं तिच्या ओठांवरून ते सगळं वाचलं.  उठून त्यानं फडताळातून तो चेपलेला तांब्या आणला आणि तिच्या पुढ्यात ठेवला. का आणला ते त्यालाही सांगता आलं नसतं. मुलीनं तो पदराखाली घेतला.

पंच माणूस वाईट नव्हते. दीड वर्ष फक्की ओढ, रोलर फिरव, खोल्या राहू देत, असं त्यांनी लिहून दाखवलं. पिस्तूल मेहुण्याकडं गेलं. आता त्यालाही पापणी न हलवता बार काढता येत होता. अंगठा भाजून घेतलेल्या माणसाला तेवढं जमतं.

पुढच्या हंगामाच्या आधी मुलगी चार दिवस रजा काढून आली. ठोमामानं नेहमीसारखे सगळे जमवले, पपई कापली, ठोकळ्यावर ठेवली. बार काढला. बिया उडाल्या. नव्या शिक्षकांनी गोळी शोधली. त्यानं रिकामं पिस्तूल दाखवलं, हातभर अंतराचं सांगितलं, तीसपर्यंत मोजायचं सांगितलं. इथवर सगळं दर वर्षीसारखं. मग त्यानं स्वतःच्या उजव्या कानाची पाळी दोन बोटांत धरली.

"हाही ह्याच बारानं गेला," तो म्हणाला. "ह्याला खड्डा दिसत नाही, म्हणून मी कधी दाखवला नाही."

आवाज जरा मोठाच निघाला. आपला आवाज केवढा, ते त्याला आता कळत नव्हतं.  त्यानं पिशवीतून कानावर बसवायच्या दोन जाड वाट्या काढल्या, खडक फोडणारे कामगार लावतात तसल्या, आणि मेहुण्याच्या डोक्यावर चढवल्या. मेहुणा म्हणाला, दाजी, मग शिट्टी कशी ऐकू येणार? हे ठोमामानं ओठांवरून नाही, अनुभवावरून ओळखलं. त्यानं ते लाल कापड काढून पंचांच्या हातात दिलं. शिट्टी मारायची ती मारा, म्हणाला, पण त्याबरोबर हे वर करा. पंचांनी कापड उलटून पालटून बघितलं. कडेला मामीनं घातलेली बारीक टीप होती. त्यांनी ते लगेच खिशात घातलं नाही. हातातच धरून उभे राहिले.

पहिली शर्यत लागली. ठोमामा समोरच्या बाकाजवळ जाऊन उभा राहिला. मुलगी आधीच तिथं बसली होती, त्याच्या उजव्या हाताला. मेहुण्याचा हात वर गेला, सरळ, अगदी सरळ. काळ्या बाहीवर पांढरा धूर उमलला. पोरं सुटली. ठोमामाला काहीच ऐकू आलं नाही. धूर विरेपर्यंत तो बघत राहिला.

मुलीनं काहीतरी विचारलं. ओठ दिसले नाहीत, नुसती तिची मान वळल्याचं डोळ्याच्या कोपऱ्यातून जाणवलं. सवयीनं तोंड उघडलं, तो शब्द जिभेवर आलाही. त्यानं तो गिळला.

"काय म्हणालीस?" त्यानं विचारलं. "मला ऐकू आलं नाही."

ती उठली, त्याच्या समोर येऊन उभी राहिली आणि तेच पुन्हा म्हणाली. आई इथंच बसायची का?

"इथंच," ठोमामा म्हणाला. "पण जरा डावीकडं सरकून. मला दिसेल अशी."

मुलगी परत बाकावर जाऊन बसली. जरा डावीकडं सरकून.